झाकण डब्यापेक्षा लहान झालं तर

प्रश्न : माझी मुलगी ९ वर्षांची आहे, चौथीत. शाळेत दातांची तपासणी झाली तेव्हा ‘वरचा जबडा अरुंद आहे, दाखवून घ्या’ अशी चिठ्ठी आली. घराजवळच्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, टाळूला स्क्रू बसवून जबडा रुंद करायचा आणि तोही आत्ताच. दुसरीकडे विचारलं तर तिथे म्हणाले, घाई नको, १२ वर्षांची झाली की चार दात काढू आणि तारा लावू. मिस्टर म्हणतात, एवढ्याशा पोरीचं हाड फाकवायचं? सासूबाई म्हणतात, दुधाचे दात पडू देत, सगळं आपोआप जागेवर येतं. शिवाय जाता-येता ऐकवतात की मी तिचा अंगठा वेळेत सोडवला नाही. (५ वर्षांची होईपर्यंत ती चोखायची.) ती रात्री तोंड उघडं ठेवून झोपते, घोरतेही. माझाही जबडा असाच अरुंद आहे, माझं वय ३८. मी कोणाचं ऐकू? माझंही काही करता येईल का?
– एक आई, भांडुप

उत्तर : तुमच्या पत्रात चार माणसं चार गोष्टी सांगताहेत, आणि त्यातलं साफ चुकीचं कोणीच बोलत नाहीये. दोन्ही डॉक्टरसुद्धा. ते बहुधा दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते, तुम्हाला मात्र तो एकच प्रश्न वाटला. त्याकडे येतेच, पण आधी घरच्या घरी एक काम करा.

लेकीला खिडकीपाशी उजेडात ताठ बसवा. तोंड मोठ्ठं उघडायला सांगा आणि मग सावकाश मिटायला. वरचे-खालचे दात पहिल्यांदा टेकले की ‘थांब’ म्हणा आणि हनुवटी कुठे आहे ते बघा. मग म्हणा, ‘आता नेहमीसारखं घट्ट चाव.’ हनुवटी होती तिथेच राहिली, की शेवटच्या क्षणी एका बाजूला सरकली? मोबाइलवर समोरून व्हिडिओ घ्या, कारण हे सरकणं डोळ्याला सापडत नाही इतकं झटकन होतं. मुलं हसतात, लाजतात, मुद्दाम वाकडं तोंड करून दाखवतात. दोन-तीनदा घ्या. मग गाल बोटाने बाजूला ओढून दोन्हीकडच्या दाढा कशा बसतात तेही बघा.

काय बघायचं, ते सांगते. वरचा जबडा म्हणजे डब्याचं झाकण. झाकणाची कड डब्याच्या बाहेरून बसते, तशी वरच्या दाढांची गालाकडची कड खालच्या दाढांच्या किंचित बाहेर असायला हवी. झाकण लहान झालं की ते डब्याच्या आत पडतं. वरच्या दाढा खालच्यांच्या आत पडल्या की आम्ही त्याला क्रॉसबाइट म्हणतो. झाकण दोन्हीकडून सारखंच लहान असलं तरी मूल दोन्हीकडे अर्धवट चावत बसत नाही. ते खालचा जबडा हळूच एका बाजूला नेतं आणि निदान एकीकडे तरी पक्की पकड मिळवतं. म्हणून पुष्कळदा क्रॉसबाइट एकाच बाजूला दिसतो आणि हनुवटीही त्याच बाजूला झुकलेली असते. आईबाप म्हणतात, ‘हिची फोटो काढताना मान वाकडी करायची सवय आहे.’ मान सरळच असते हो, जबडा सरकलेला असतो.

हनुवटी सरकत असेल तर तुमच्या पहिल्या डॉक्टरांचं ऐका. वाढत्या वयात जबडा रोज त्याच बाजूला सरकून चावत राहिला तर त्याची वाढही तशीच असमान होऊ लागते, आणि आज जे नुसतं सरकणं आहे ते पुढे चेहऱ्याचा घाट होऊन बसतं. दाढा आत पडल्या आहेत पण हनुवटी सरळ आहे, असं असलं तरी पुढच्या काही महिन्यांत उपचार सुरू झालेले बरे. आणि दाढा बाहेरच्या बाजूला व्यवस्थित बसताहेत, फक्त पुढचे दात दाटीवाटीने आले आहेत, असं असेल तर मात्र जबडा रुंद करण्याची घाई मी करणार नाही. दर सहा महिन्यांनी दाखवत राहायचं, बस्स.

आता सासूबाई. त्यांना खोटं पाडू नका, त्यांना टाळूचीच गोष्ट सांगा. आपल्या भाषेत एकच शब्द दोन जागांना आहे : बाळाच्या डोक्यावरची टाळू आणि तोंडातली टाळू. डोक्यावरच्या टाळूवर तेल घालतात, हे त्यांनी तुमच्या लेकीच्या वेळी स्वतः केलं असेल; ती दीड-दोन वर्षांत आपोआप भरून येते. तोंडातली टाळूही दोन भागांची असते. डावं आणि उजवं अशी दोन हाडं मधोमध शिवणीसारखी एकमेकांना भिडलेली असतात. जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांमागून आत घशाकडे फिरवलं की बारीकशी रेघ लागते, साधारण तीच जागा. ही शिवण लहानपणी सरळ आणि सैल असते. वय वाढेल तशी ती वाकडीतिकडी होत जाते, दोन्हीकडचे दाते एकमेकांत गुंततात आणि वयात येता-येता ती हळूहळू मिटू लागते. कोणाची लवकर, कोणाची उशिरा. मुली मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी झपाट्याने उंच होतात, म्हणून मुलीच्या बाबतीत मी आयांना एक साधी खूण सांगते : पाळी सुरू होण्याच्या आधी हे काम उरकलेलं चांगलं. नंतर जमतच नाही असं नाही, पण सोपेपणा कमी होत जातो.

दुधाचे दात पडून पक्के दात येतात तेव्हा पुढच्या दातांमधल्या काही फटी, थोडा तिरपेपणा आपोआप जातो, तेवढ्यापुरतं सासूबाईंचं म्हणणं बरोबर. पण अरुंद टाळू आणि आत पडलेल्या दाढा आपोआप क्वचितच सुधारतात. पक्के दातही त्याच अरुंद झाकणाच्या कडेला येऊन उभे राहतात.

मिस्टरांची भीती मला समजते, कारण ती फार जुनी आहे. १८६० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या इमर्सन एंजेल नावाच्या दंतवैद्याने साडेचौदा वर्षांच्या एका मुलीच्या टाळूला स्क्रू बसवला, तो रोज फिरवायला लावला आणि दोन आठवड्यांत तिच्या वरच्या दोन पुढच्या दातांत फट पडली. जबड्याची दोन हाडं बाजूला झाली, असं त्याने लिहिलं. त्याच्या व्यवसायबंधूंचा विश्वास बसला नाही. त्याने तरी दाखवायचं काय? क्ष-किरणांचा शोध लागायला अजून ३५ वर्षं होती. पुढे १९६१ मध्ये अँड्र्यू हास यांनी हा उपचार पुन्हा नीट मांडला आणि तेव्हापासून तो जगभर रोजचा झाला. तेव्हा हाड फाकवायचं, हो, पण ते मोडून नव्हे. अजून न मिटलेली शिवण रोज केसाएवढी उसवायची आणि त्या फटीत शरीराला नवं हाड भरू द्यायचं. भूल नाही, टाका नाही, रक्त नाही.

यंत्र असतं कसं? वरच्या पक्क्या दाढांना, म्हणजे सहाव्या वर्षी येतात त्यांना, धातूच्या पट्ट्या चिकटवतात आणि टाळूच्या मधोमध एक छोटा स्क्रू आडवा येतो. स्क्रूला बारीक भोकं असतात. चावी म्हणजे वाकवलेली तार. ती पुढच्या भोकात घालायची आणि घशाच्या दिशेने ढकलायची, नवं भोक पूर्ण दिसेपर्यंत. अर्ध्यावर सोडली तर दुसऱ्या दिवशी चावी घालायला भोकच सापडत नाही. एका फेरीने साधारण पाव मिलिमीटर फरक पडतो, वहीची दोन-तीन पानं एकावर एक ठेवली तर होते तेवढी जाडी. डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दिवसातून एक किंवा दोन फेऱ्या. ७ मिलिमीटर हवे असतील तर २८ फेऱ्या, म्हणजे दोन ते चार आठवडे. एवढंच. खरा वेळ जातो तो पुढे : स्क्रू पक्का करून यंत्र तसंच तोंडात ठेवायचं, किमान तीन महिने, पुष्कळदा सहा. तेव्हा तोंडात काहीच होत नाही असं वाटतं आणि आईबाप विचारतात, ‘मग आता काढून टाका ना?’ नका काढायला लावू. फटीत हाड भरतंय. आत्ता काढलं तर हाडं परत जवळ येतात आणि सगळी मेहनत पाण्यात.

पहिल्या आठवडा-दहा दिवसांत लेकीच्या वरच्या दोन पुढच्या दातांत फट दिसू लागेल. हे आधी सांगितलेलं नसेल तर घरात रडारड होते, म्हणून सांगून ठेवते. फट दिसली की समजायचं, शिवण उसवली. फेऱ्या थांबल्या की हिरडीतले ताणलेले धागे त्या दोन दातांना परत ओढून घेतात आणि काही महिन्यांत फट बहुतेक मिटते. शाळेत चिडवतील, तर ‘जादू आहे, महिन्याभराने बघ’ असं उत्तर एका मुलाने माझ्याच दवाखान्यात तयार केलं होतं.

दुखतं का? फेरी दिल्यावर काही मिनिटं नाकाच्या मुळाशी, कधी डोळ्यांखाली दाब जाणवतो. बरीच मुलं ‘शिंक येणार असं वाटतं’ म्हणतात. कळवळण्यासारखं दुखत असेल तर पुढची फेरी देऊ नका, फोन करा. पहिले चार-पाच दिवस लाळ गळते, ‘स’ आणि ‘श’ फुसफुसतात. म्हणून मी शक्यतो दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीत सुरुवात करते. शाळेत मोठ्याने धडा वाचायला उठायचं आणि तोंडातून भलतंच यायचं, ही शिक्षा ९ वर्षांच्या पोरीला कशाला?

जेवणाचं मात्र नीट ऐका. पोळीचा गोळा स्क्रू आणि टाळूच्या मध्ये जाऊन बसतो आणि जिभेने निघता निघत नाही. सुरुवातीला वरणभात, खिचडी, शिरा, दूध-पोळी कुस्करून. चिक्की, तिळगूळ, च्युइंगम, बोरं, बर्फाचे खडे यंत्र तोंडात असेपर्यंत बंद. दाढेची पट्टी सुटण्याचं कारण नव्वद टक्के वेळा खाऊच्या डब्यातच सापडतं (ही टक्केवारी माझ्या वैतागाची आहे, संशोधनाची नव्हे). औषधाच्या दुकानातून एक मोठी सिरिंज आणा, सुई नको. तिने कोमट पाण्याचा फवारा स्क्रूखाली मारला की अडकलेलं सगळं बाहेर येतं. मुलांना हा कार्यक्रम फार आवडतो, बाथरूम ओली होते.

आणि चावीला दोरा. नवीन चाव्यांना लांब दांडा असतो, पण साधी तारेची मिळाली तर दात साफ करायचा दोरा तिला गाठ मारून बांधा आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. चावी घशात निसटणं ही कल्पनेतली भीती नाही.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका मुलाला रोज एक फेरी सांगितली होती. सकाळी आई द्यायची. संध्याकाळी आजी द्यायची, कारण तिला वाटायचं सूनबाई ऑफिसच्या घाईत विसरली असेल. दोघी एकमेकींना विचारत नव्हत्या, आणि मीही दोन आठवड्यांनी यायला सांगितलेलं. तो आला तेव्हा झाकण डब्याच्या फारच बाहेर गेलं होतं. नुकसान झालं नाही, थोडी उलटी पावलं टाकावी लागली. पण तेव्हापासून मी दर आठवड्याला बोलावते आणि फेरी दिली की कॅलेंडरच्या तारखेवर फुली मारायची, हे पहिल्याच दिवशी सांगते.

आता तुमचे दुसरे डॉक्टर. ते बहुधा दाटीकडे बघत होते. वरचा जबडा रुंद केला की दातांना थोडी जागा मिळते, पण जेवढी रुंदी वाढते तेवढी जागा मिळत नाही, त्याहून कमीच. आणि खालच्या जबड्याची मधली शिवण बाळाच्या पहिल्या वर्षातच जुळून जाते, तिथे उसवायला काही उरलेलंच नसतं. तेव्हा खाली दाटी फार असेल, तर वर टाळू रुंद करूनही १२व्या-१३व्या वर्षी काही दात काढायची वेळ येऊ शकते. ‘आत्ता स्क्रू लावलात की पुढे तारा नकोत, दात काढणं नको’ असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर जरा सावध व्हा. आत्ताचं काम हाडाचं, पुढचं दातांचं. दोन्ही लागतील असं धरून चाला, एकातच भागलं तर आनंद. म्हणून पुढच्या भेटीत विचारा : क्रॉसबाइट आहे का, हनुवटी सरकते का, हा खर्च फक्त स्क्रूचा की पुढच्या तारांसकट, आणि मध्ये पट्टी सुटली तर ती परत चिकटवायचे वेगळे पैसे का. लिहून घ्या. तपासणीत दातांचे साचे किंवा स्कॅन, तोंडाचा एक मोठा एक्स-रे आणि फोटो एवढं सहसा पुरतं.

कोणी काढ-घाल करायची प्लेट सुचवली तर थोड्या फरकासाठी तीही चालते. पण ती तोंडात असली तरच काम करते, आणि शाळकरी मुलांच्या प्लेट्स रुमालात गुंडाळलेल्या अवस्थेत हरवतात हा माझा अनुभव.

घोरण्याबद्दल मात्र मी ठाम आहे : स्क्रूच्या आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. नाकामागच्या अ‍ॅडेनॉइडच्या गाठी सुजलेल्या असल्या किंवा अ‍ॅलर्जीने नाक चोंदलेलं असलं की मूल तोंडाने श्वास घेतं. मग जीभ टाळूला टेकायच्या ऐवजी खाली पडून राहते, टाळूला आतून आधार मिळत नाही आणि गालांचा दाब मात्र बाहेरून चालू. टाळू रुंद झाली की नाकाचा तळही थोडा रुंद होतो हे खरं, काही मुलांना श्वास मोकळा वाटतोही. पण फक्त घोरणं थांबावं म्हणून मी हा स्क्रू लावत नाही. झोपेत श्वास मध्येच अडकल्यासारखा होत असेल, ती दचकून उठत असेल, दिवसा पेंगत असेल, तर ही तपासणी याच आठवड्यात.

अंगठ्याचं ओझं खाली ठेवा. चार-पाच वर्षांपर्यंत चोखणारी मुलं घरोघरी असतात. सवय वेळेत सुटली की बरंचसं बिघडलेलं सुधारतंही. तिने ५व्या वर्षी सोडला, त्याने थोडा हातभार लागला असेल, पण तुमचाही जबडा तसाच आहे म्हणता ना? मग बराचसा वाटा घराण्याचा आहे. फक्त झोपेत अजून अंगठा जात नाही ना, तेवढं रात्री एकदा बघून घ्या.

तुमच्या स्वतःच्या जबड्याचं : ३८व्या वर्षी शिवण गुंतून बसलेली असते. तोच साधा स्क्रू लावला तर हाड हलत नाही, दाढा बाहेर कलतात आणि हिरडी दातावरून मागे सरकते. मोठ्यांसाठी टाळूच्या हाडात बारीक स्क्रू रोवून किंवा शस्त्रक्रियेची जोड देऊन करायचे उपाय आहेत, पण ते अडचण असेल तर. चावता येतंय, जबड्याचा सांधा दुखत नाही, दात झिजत नाहीत? मग निव्वळ फोटोसाठी यात पडू नका. आणि जीभ टाळूला दाबून जबडा रुंद करायचे जे व्हिडिओ फिरतात, त्याने ३८व्या वर्षी हाड सरकत नाही.

खर्चाचा प्रश्न असेल तर दोन पत्ते आहेत. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, भांडुपहून स्लो लोकलने थेट; आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, दादरला गाडी बदलून. दोन्हीकडे दात सरळ करण्याचा स्वतंत्र विभाग आहे. काम पदव्युत्तर विद्यार्थी करतात, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली. खाजगीपेक्षा खर्च बराच कमी, वेळ मात्र जास्त जातो, सकाळी लवकर रांगेला लागावं लागतं. खाजगीत जाणार असाल तर डॉक्टर बीडीएस या पदवीनंतर दात सरळ करण्याच्या विषयात एमडीएस (पदव्युत्तर) केलेले आहेत ना, एवढं विचारा. विचारायला लाजू नका, आम्हाला राग येत नाही. आलाच तर डॉक्टर बदला.

काम सुरू झालं की चावी तुमच्याकडे ठेवा. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोज फुली मारायचं काम मात्र सासूबाईंना द्या.